घोडी दिली, गाव दिलं नाही

कुणी न मागता काही द्यायला आलं की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडं बघते. ही खोड आजची नाही. मी धनगराची लेक आणि धनगराचीच सून. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर चढायचं आणि मेंढरांमागं पाच-सहा महिने शिवारं पालथी घालायचं. या फिरण्यात जे जे लोक वही-पेन घेऊन आमच्या पालापाशी आले, त्यांतला एकही आमच्या भल्यासाठी आला नव्हता. एकानं जंगलात मेंढरं शिरली म्हणून दंड लावला. एक जण लस टोचायची म्हणून सगळी विचारपूस करून गेला आणि त्याच आठवड्यात आमची चांगली चांगली मेंढरं चोरीला गेली. एक साहेब ताडपत्री वाटायला आला. आमच्या पालापुढं ती पसरली, आम्हाला तिच्यामागं उभं करून फोटो काढला आणि ताडपत्री घडी घालून परत गाडीत टाकली. ही ऐकीव गोष्ट नाही, त्या ताडपत्रीचं एक टोक माझ्याच हातात होतं.

म्हणून माझ्या सासूनं घरात एक शिस्त लावली होती. सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच. वही उघडणाऱ्या माणसाला आपलं खरं गाव सांगायचं नाही, हा तिचा नियम. आणि सगळ्यांनी एकच खोटं गाव सांगायचं, म्हणजे बोलण्यात फरक पडत नाही. आमचं ठरलेलं गाव होतं डोंगरकडा. आमची खरी वस्ती हट्ट्याच्या बाजूची. डोंगरकडा पार कळमनुरी तालुक्यात, तिथं आमचं सोयरं-धायरं कुणी नव्हतं. पण गाव मोठं. तिथं जाऊन कुणी चौकशी केली तरी असे लोक इथं राहतच नाहीत, हे छातीठोकपणे सांगायला चार दिवस लागतील, असा आत्याचा हिशोब होता. तोवर आमची मेंढरं तिसऱ्याच शिवारात गेलेली असायची. आमच्या लेकरांना आपल्या बापाचं नाव सांगता यायच्या आधी डोंगरकडा सांगता यायचं.

माझ्या लेकीला मात्र ते सांगता येत नव्हतं. तिला कशाचंच नाव सांगता येत नव्हतं. पाच वर्षांची झाली तरी ती आई म्हणाली नव्हती. मागून हाक मारली तर वळायची नाही, पण घोडीनं पाय आपटला की जमिनीतून तिला समजायचं आणि ती वर बघायची. त्यामुळं दोन वर्षं आम्ही धरून चाललो की तिला ऐकू येतं, पोरगी फक्त हेकट आहे. त्या हेकटपणापायी मी तिला मारलंही आहे. हे लिहायला मला लाज वाटते. पुढं एका डॉक्टरनं सांगितलं की हिच्या कानांना मशीन लावावं लागेल, तेही लवकर, नाहीतर बोलणं शिकायचं वय निघून जाईल. मशीनची किंमत ऐकून आम्ही मुकाट उठून आलो. आत्या म्हणाली, "बोलंल. तिचा बाप बी उशिराच बोलला." मी आत्याचं सगळं ऐकायची, पण हे मला पटलं नाही. पोरीच्या वयाचा एक एक महिना मला डोळ्यांपुढं जाताना दिसत होता.

हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचा तळ औंढ्याच्या जवळ पडला होता आणि मी बाजाराला आले होते. घोडी लिंबाखाली बांधली होती, लेक तिच्या पायांशी खेळत होती आणि मी मिरच्या पारखत होते. तेवढ्यात चष्मा लावलेली, चाळिशीच्या पुढची एक बाई आली. तिनं आधी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मी लगेच मिरच्या सोडल्या. मग ती माझ्या लेकीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिनं दोनदा जोरात टाळ्या वाजवल्या.

"ओ बाई, काय करून राहिल्या?" मी म्हणाले. "लेकरू हाय ते, कोंबडी न्हाई हाकलायला."

"हिला ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"आई हाय मी तिची. तुमी कोण?"

ती हिंगोलीत न ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. आम्ही सगळे तिला पुढं नुसतं बाई म्हणू लागलो, मीही इथं तेच म्हणते. बाईंनी मला तिथंच उभ्या उभ्या एक योजना समजावली. येत्या रविवारी वीस-पंचवीस माणसं घोड्यावर बसून औंढ्याहून हिंगोलीला जाणार. डांबरी सडकेनं नाही, शिवारातल्या गाडीवाटेनं. प्रत्येक स्वारानं आपल्या ओळखीच्या लोकांकडून कबूल करून घेतलंय की मी जितके कोस घोड्यावर काढीन तितके पैसे तुम्ही द्यायचे. त्यातून मुलांना कानाची मशीनं घ्यायची. आणि घोडी कमी पडताहेत.

माझ्या हे काही केल्या डोक्यात शिरेना. "म्हंजे घोड्यावर तुमी बसणार, पैशे दुसरा देणार, अन् मशीन भेटणार तिसऱ्याला? काहून?"

"असंच असतं ते," बाई हसून म्हणाल्या.

'असंच असतं' म्हणणाऱ्या माणसावर मी अजूनही विश्वास ठेवत नाही. घोड्यावर बसायचे पैसे मोजणारे लोक मी जत्रेत पाहिले होते. पण दुसऱ्यानं घोड्यावर बसावं म्हणून आपला खिसा हलका करणारा माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. बाई म्हणाल्या, "एक दिवस घोडी द्या. आणि हिलाही आणा. हिंगोलीत पोचल्यावर तपासणी करून कानाचं माप घेऊ." आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. माझं नाव विचारलं, ते मी खरं सांगितलं. लेकीचं विचारलं, तेही खरं सांगितलं. मग त्यांनी गाव विचारलं.

"डोंगरकडा," मी म्हणाले. त्यात विचार असा काही नव्हता, वही दिसली आणि ते आपोआप तोंडातून निघालं.

पालावर येऊन सांगितलं तर नवऱ्यानं कपाळाला हात लावला. त्याला एका दमात तीन शंका आल्या. एक, हे कुणीतरी निवडणुकीला उभं राहणार आहे. दोन, गाडीवाटेनं जाण्याच्या निमित्तानं कुणाच्या तरी जमिनीची पाहणी चाललीय. तीन, आणि ही त्याला खरी वाटत होती, आपली घोडी माळेगावच्या जत्रेत जाऊन विकली जाणार. आत्यानं फक्त एवढंच विचारलं, "गाव कोन्तं सांगितलं?"

"डोंगरकडा."

"बराबर," आत्या म्हणाली आणि निवांत भाकरी थापू लागली.

मी जायचं ठरवलं ते विश्वास बसला म्हणून नाही. घोडी गेली तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडावं लागणार होतं, हे मला कळत होतं. पण नाही गेले आणि ती बाई खरी निघाली तर? या एका 'तर'नं मला झोप येईना. शेवटी बाईंना गाठून मी अट घातली की घोडी देते, पण दोर माझ्या हातात राहील. बाईंनी वर बसायचं, मी बाजूनं चालणार. अट त्यांनी लगेच कबूल केली. त्यामुळं माझी शंका आणखी वाढली.

रविवारी सकाळी औंढ्याबाहेरच्या माळावर घोडी जमली. तसली जमात मी पुन्हा पाहिली नाही. नांदेडहून ट्रकमध्ये घालून आणलेले दोन उंच घोडे होते, त्यांचे मालक त्यांच्याशी हिंदीत बोलत होते. टांग्याची घोडी होती, ती डोळ्यांवर झापड नसल्यानं बावरली होती. आणि वरातीची चार पांढरी घोडी होती. निघायच्या वेळी कुणीतरी हौसेनं ताशा वाजवायला लावला, तशी ती चारही जागच्या जागी नाचायला लागली. वर बसलेला किराणा दुकानदार "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडत होता आणि ताशावाल्याला वाटत होतं की तो खूष होऊन राहिलाय. मी हसले नाही. गर्दीत कोण कुणाच्या कानाला लागतंय, आमच्या घोडीकडं कोण बोट दाखवतंय, हे बघण्यात माझा जीव अडकला होता.

निघालो. मी एका हातात दोर धरलेला, कडेवर लेक. कोसभर गेल्यावर बाई म्हणाल्या, "तिला माझ्यापुढं बसवू का?" मी नाही म्हणाले. आणखी तेवढंच गेल्यावर पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाले. पाच वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन ढेकळांतून चालणं म्हणजे काय ते चालणाऱ्यालाच माहीत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पोरगी वर दिली. ती बाईंच्या छातीला टेकून बसली आणि दोन्ही हातांनी घोडीची आयाळ धरून अशी हसली की मला बाईंचा हेवा वाटला.

दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या एका अरुंद वाटेत आमची घोडी एकाएकी थांबली. मागचा एक पाय सैल सोडला, मान खाली घातली आणि उभी राहिली. बाईंनी टाचा लावून पाहिल्या, चुचकारून पाहिलं. मागं सगळी घोडी एकमेकांवर चढायला लागली. तो किराणा दुकानदार तुरीची काडी घेऊन पुढं आला आणि त्यानं घोडीच्या पुठ्ठ्यावर एक सटकन दिली. मी काडी हिसकली आणि त्याच्या देखत मोडली.

"तिला मारायचं काम न्हाई," मी म्हणाले. "इथं आमचा तळ पडत असतो. ओझं उतरवल्याबिगर ती हलत न्हाई."

आमच्या घोडीला तेवढंच शिकवलेलं होतं. दरवर्षीच्या ठरलेल्या शेतापाशी आलं की थांबायचं, बायांनी हंडे-बोचकी, कोकरं, कोंबड्या उतरवायच्या, मग तिनं अंग झाडायचं आणि भाकरीचा तुकडा खायचा. आता पाठीवर बोचक्यांच्या जागी शाळेच्या बाई आहेत, हे तिला कोण सांगणार?

"मग काय करू?" बाईंनी विचारलं.

"उतरा. खोगीर बी काढावं लागंल."

बाई उतरल्या. लेकीला उतरवलं, स्वतः खोगिराचा पट्टा सोडला आणि ते जड खोगीर दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. घोडीनं अंग झाडलं, भाकरी खाल्ली. मग पुन्हा खोगीर चढवलं, बाई चढल्या, लेक चढली आणि घोडी जसं काही झालंच नाही तशी चालू लागली. एवढा खोळंबा होऊनही बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. मी मनात म्हणाले, रागवायच्या जागी जी बाई रागवत नाही, तिचं माझ्याकडं नक्की काहीतरी मोठं काम आहे.

दुपारच्या सुमाराला दुसरा तळ आला. घोडी थांबली, बाई उतरल्या, खोगीर निघालं. तेवढ्यात त्या शेताचा मालक बांधावरून मोठ्यानं म्हणाला, "काय गं, हट्ट्याच्या धनगराची न्हवं का तू? यंदा आमच्या रानात खताला मेंढरं कवा बसवता?"

बाईंनी खोगीर धरलेलं असतानाच माझ्याकडं पाहिलं. "हट्टा? तुम्ही डोंगरकड्याच्या ना?"

"तिकडं माहेर हाय माझं," मी म्हणाले. "हट्ट्याकडं."

"अस्सं," बाई म्हणाल्या. त्यांना ते खरंच वाटलं. शेतकऱ्याला मी डोळ्यांनी दाबलं, तो बिचारा गोंधळून विहिरीकडं गेला.

खरं सांगायची जागा तीच होती. दंड लावायला आलेला माणूस आमच्या घोडीचं खोगीर उन्हात हातात धरून उभा राहत नाही, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. पण एकदा बोलून बसले होते. आता गाव बदललं तर ही म्हणणार, आधी खोटं बोलली, आताही खोटंच बोलत असेल, आणि पोरीचं नाव वहीतून काढून टाकणार. म्हणजे आधी मी तिच्या संशयानं खोटं बोलले आणि नंतर तिला माझा संशय येईल म्हणून तेच खोटं धरून राहिले. पुढं तिसरा तळ जवळ आला, घोडीची चाल नुसती मंदावली, तर बाई मी सांगायच्या आधीच रिकिबीतून पाय काढून उतरल्या. "आला ना तुमचा तळ?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि दुसरीकडं बघितलं.

हिंगोलीत शाळेच्या मैदानावर हार झाले, भाषणं झाली. फोटो काढायला लागले तेव्हा मी पोरीला पदराखाली घेतलं, ताडपत्री मी विसरले नव्हते. मग एका खोलीत नेऊन पोरीची तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं, पण मशीननं फायदा होईल असं म्हणाले. मग बाईंनी धागा बांधलेला कापसाचा बोळा घेतला, एका वाटीत गुलाबी लगदा कालवला आणि तो मोठ्या पिचकारीत भरला.

"माझ्या लेकराच्या कानात काय कोंबून राहिल्या?" मी मधे उभी राहिले.

"कानाचा साचा घेतेय. प्रत्येकाचा कान वेगळा असतो. हिच्या कानाचा साचा हिलाच बसणार, दुसऱ्या कुणाला नाही."

मी हलले नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, "बसा. आधी तुमच्या कानात घालते." आणि खरंच घातला. गार लगदा कानात भरत गेला आणि त्या बाजूचं सगळं बंद झालं. मैदानातला आवाज अर्धा झाला. बाईंचे ओठ हलत होते, पण शब्द लांबून आल्यासारखे वाटत होते. एवढ्यानंच मला घाबरल्यासारखं झालं. माझी लेक पाच वर्षं दोन्ही बाजूंनी अशी बसली होती आणि मी तिला हेकट म्हणून मारलं होतं. मला रडू फुटलं. बाईंना वाटलं की लगदा टोचतोय, त्या सारख्या "झालं, झालं" म्हणत राहिल्या.

पोरीचे साचे घेतले. ती माझ्यापेक्षा शहाण्यासारखी बसली. बाईंनी कागद भरायला घेतला आणि म्हणाल्या, "दीड महिन्यात मशीन तयार होईल. मी स्वतः गावात आणून देते, कसं लावायचं ते घरातल्या सगळ्यांना शिकवावं लागतं. डोंगरकडाच ना?"

"व्हय," मी म्हणाले.

घोडी परत मिळाली. वर कडब्याच्या चार पेंढ्या मिळाल्या आणि तिच्या खुरात गेलेला काटाही कुणीतरी काढून दिला होता. नवऱ्यानं तिला चारी बाजूंनी तपासलं, दातसुद्धा पाहिले, आणि काहीच कमी निघालं नाही म्हणून त्याचा चेहरा उतरला.

मी मनाशी ठरवलं होतं की दीड महिन्यानं आपणच हिंगोलीला जाऊ. पण दीड महिन्यानं आम्ही मेंढरांमागं पार वसमतच्या पुढं गेलो होतो. नवरा म्हणाला, "काई येत न्हाई मशीन-बिशीन. फोटो काढायचे होते, झालं त्यांचं काम." आणि इथं मी जे केलं त्याचा मला आजही उलगडा होत नाही. मी बाजारात, पाणवठ्यावर, भेटेल त्या बाईला सांगत सुटले, "मशीन देतो म्हणले अन् आलेच न्हाईत." डोंगरकड्याला कुणी गेलं की नाही, हे वसमतच्या रानात बसून मला कसं कळणार होतं? तरी मी ते इतक्यांदा बोलले की मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. मला मूर्ख बनवलं या रागातच मी उन्हाळा आणि पावसाळा काढला. लेक सहा वर्षांची झाली. पेरणीच्या दिवसांत एकदा नुसतं आत्याला म्हणाले, "हिंगोलीला जाऊन बघू का?" आत्या म्हणाली, "जाऊन काय तोंड दाखवतीस, गाव खोटं सांगून?" ते मला पटलं आणि मी गेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात लेकीला घेऊन पुन्हा औंढ्याच्या बाजारात गेले, तर बाई समोर आल्या. यंदाच्या स्वारीसाठी घोडी शोधत होत्या. मी आधी तोंड फिरवलं, मग रागानं वळले. भांडायचंच होतं मला. पण माझ्याआधी त्याच बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला कडकपणा होता.

"ही खरंच तुमची मुलगी आहे का?"

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. मशीन बरोबर दीड महिन्यात आलं होतं. त्या डोंगरकड्याला गेल्या. घरोघर विचारलं. पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या, शाळेत, देवळापाशी, दवाखान्यात चौकशी केली. पावसाळ्याच्या तोंडावर तिसऱ्यांदा गेल्या. अशी बाई, असं लेकरू तिथं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासोबतचे लोक म्हणायला लागले की त्या बाईनं घोडी घेऊन यायला कुणाचंतरी लेकरू उसनं आणलं असेल, काहीतरी मिळेल या आशेनं. "मी नाही म्हणत होते," बाई म्हणाल्या. "नंतर मलाही तसंच वाटायला लागलं."

आयुष्यभर मी लोकांकडं जसं बघत आले होते, तसं त्या माझ्याकडं बघत होत्या. मी बाजारात सगळ्यांसमोर खरं सांगितलं. वही उघडली की आम्ही खोटं गाव सांगतो, का सांगतो, आत्यानं काय शिकवलं, सगळं. सांगताना मला वाटत होतं की त्या हात उगारतील, आणि उगारला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "चला," आणि आम्हा मायलेकींना तिथूनच एस.टी.नं हिंगोलीला घेऊन गेल्या.

शाळेच्या कपाटात पुठ्ठ्याचा डबा होता. मी सातवीपर्यंत शिकलेली आहे, मला वाचता येतं. वर माझ्या लेकीचं नाव, खाली डोंगरकडा. आत छातीवर अडकवायची एक डबी, वायरी आणि नखाएवढे दोन गुलाबी साचे. बाईंनी पोरीला मांडीवर घेतलं आणि एक साचा तिच्या कानात बसवायला गेल्या. तो बसला नाही. त्यांनी कान मागं ओढून, थोडं तेल लावून पुन्हा पाहिलं. आत जाऊन तो डुगडुगत राहिला आणि बाहेर पडला. दुसऱ्या कानाचंही तेच.

"कान वाढला," बाई म्हणाल्या. "या वयात लवकर वाढतात. नवीन साचे घ्यावे लागतील. पुन्हा दीड महिना."

मी खाली पडलेला साचा उचलला. माझ्या लेकीचा गेल्या वर्षीचा कान माझ्या तळहातावर होता. वर्षभर तो इथं कपाटात तयार होता आणि मी गावोगाव सांगत होते की ते आलेच नाहीत.

बाईंनी पुन्हा लगदा कालवला, साचे घेतले आणि नवा कागद पुढं ओढला. गाव विचारलं. मी खरी वस्ती सांगितली, हट्ट्यापासून कोणती वाट, कितवं घर, सगळं सांगितलं. त्यांनी लिहिलं नाही. पेन तसंच धरून त्यांनी दारातल्या शिपायाला हाक मारली आणि विचारलं, "तुम्ही हट्ट्याकडचे ना? अशी वस्ती आहे का हो तिकडं?" शिपाई हो म्हणाला, तेव्हाच त्यांनी लिहिलं. मला राग आला नाही. दुसरं काही करायला मी त्यांना जागाच ठेवली नव्हती.

त्या वर्षी औंढ्यापासून पुढं बिऱ्हाड माझ्याशिवाय गेलं, मी वस्तीवर परतले. नवरा चिडला, आत्यानं तर आठ दिवस अबोला धरला, कारण बाईमाणूस मागं ठेवून मेंढरं कधी निघालीच नव्हती. मी म्हणाले, "मी कुठं बी जाणार न्हाई. येणाऱ्याला मी घरात दिसाय पायजे." दीड महिना मी पोरीला घेऊन वस्तीवर बसून होते आणि वाटेनं जो येईल त्याला आपण होऊन आमचं नाव-गाव सांगत होते.

बाई आल्या. साचे बसले. डबीचं बटण सुरू केल्यावर पोरगी किंचाळली आणि तिनं वायरी ओढून काढल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा काढल्या. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. निघताना मी बाईंना विचारलं, "गेल्या वर्षी लावलं असतं तर फरक पडला असता का?" त्या खोटं बोलू शकल्या असत्या. मला बरं वाटावं म्हणून कुणीही बोललं असतं.

"हो," त्या म्हणाल्या. "खूप फरक पडला असता."

माझी लेक आता मोठी झाली आहे. ती बोलते, पण नव्या माणसाला तिचं निम्मं बोलणं समजत नाही. ते माझ्याकडं बघतात आणि तिनं काय म्हटलं ते मी त्यांना सांगते. माझ्या खोट्या गावापायी तिचं एक वर्ष गेलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नव्हतं. आता ती वाचेल.